हर्निया

टोळीत सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे.
हर्निया म्हटलं की माणसं हळहळतात.
वजन उचलून झालेलं दुखणं,
त्यात कमीपणा नाही.
शेलार मुकादमांनी खांद्यावर हात ठेवला,
म्हणाले, दहा दिवस गोणीला शिवू नकोस.
पार्टेनं तर घरून शिरा आणला.

खरं सांगितलं असतं
तर शिरा आला नसता.

कांदा-बटाटा मार्केटात
पन्नास किलो पाठीवर घेऊन फळीवरून चढताना
माणूस काय काय ऐकतो.
की नस कापली की कंबर जाते,
की मेढ्याकडचा एक जण मग नुसती झाडलोट करायचा,
की आवाज बारीक होतो, बायको जुमानत नाही.
तो मेढ्याकडचा कुणीच बघितलेला नाही.
पण आमची भाकरी पाठीवरून येते,
पाठीविषयीची अफवा
कोण तपासून बघणार?

माझे आजोबा आणीबाणीत
दोन रात्री कारवीत बसून राहिले होते,
गावात जीप आली म्हणून.
ही गोष्ट आमच्याकडे
दिवाळीला हसत हसत सांगतात.
आजी त्यानंतर चार वेळा बाळंत झाली,
ते कुणी गोष्टीत धरत नाही.

कोपरखैरण्यात आशाताई घरी येते,
रजिस्टर उघडून वृषालीशी बोलते, दाराच्या आत.
मी मोबाईल घेऊन गल्लीत,
जणू गॅसवाला आलाय
आणि सुटे पैसे तिच्याकडे आहेत.
आठ वर्षं असा उभा राहिलो.
तांबी बसवली, रक्त थांबेना म्हणून काढली.
गोळ्या. उलट्या, तोंडावर वांग.
धाकटीच्या वेळी दुसरं सिझर, टाके पिकले,
तरी आई गावाहून फोनवर,
"आता तिचं उरकून घ्या.
गड्याच्या जिवाला नको काही."
फोन स्पीकरवर होता.
वृषाली परातीत कणीक मळत होती.
मळत राहिली.
फार वेळ मळली त्या दिवशी,
चपात्या मऊ झाल्या, मी चार खाल्ल्या,
आणि रात्री झोप लागेना.

वाशीच्या पालिका हॉस्पिटलात
त्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळ्या बायका.
मला बघून एक सरकली,
तिला वाटलं, कुणाला तरी घेऊन आलोय.
शिपाई म्हणाला, पेशंटचं नाव?
मी माझं सांगितलं.
तुमचं नाही हो, पेशंटचं.

आत वीस मिनिटं लागली असतील.
डॉक्टर त्यांच्या भावाच्या हळदीतल्या डीजेविषयी
नर्सशी बोलत होत्या.
एक टोचणी, एक ओढ,
टाकासुद्धा नाही.
एवढ्यासाठी कारवीत बसलो आम्ही?
तीन महिने अजून काळजी घ्यायची,
मग तपासणीला यायचं, वजन इतक्यात नको.
मी विचारलं, आणि नंतर?
"नंतर काय? उचला की."

अकराव्या दिवशी उचलली.
पहिल्या गोणीला श्वास धरला.
फळी रोज वाकते तेवढीच वाकली.
कंबर जागेवर.
आवाज बघायला म्हणून
मुकादमांना उगाच एक हाक मारली.

तपासणीचा कागद आल्यापासून वृषालीनं
कॅलेंडरवरचे लाल टिपके सोडलेत,
दुधाचे तेवढे मांडते.
त्यावर आम्ही काही बोललो नाही.

काल गाडी खाली झाल्यावर
उतेकर नळावर माझ्याशेजारी आला.
तीन मुली, बायकोला दमा.
फडक्यानं मान पुसत राहिला, पुसलेलीच.
मग गाळ्याकडं एकदा बघून,
"ते तुझं हर्नियाचं,
कुठं केलं म्हणालास?
नाही, मलाबी... तसाच असंल बहुतेक."

मी नळ बंद केला.
म्हटलं, सकाळी नवाला जा, आधार कार्ड ने.
आणि पेशंटचं नाव विचारतील.
दोनदा सांगावं लागतं.